तिला कुणी विचारलंच नव्हतं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या सल्लागार ताई, या गुंतवणूक कचेरीतले त्यांचे सहकारी आणि माझ्यासारखेच त्यांच्या भरवशावर निवांत झोपणारे ग्राहक मित्रहो,

मी दातांचा डॉक्टर. दुसऱ्याला तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा, स्वतःचं उघडायची सवय नाही. तेव्हा सांभाळून घ्या. जे सांगणार आहे ते पत्नीच्या परवानगीने. ती समोरच बसली आहे.

दवाखाना विकल्यावर आम्ही दोघं ताईंच्या केबिनमध्ये गेलो. पैशाचं सगळं मी बघायचो, ही सहीपुरती यायची. म्हातारपणाची सोय लागली, मुलीचा वाटा ठरला. मग ताईंनी विचारलं, “यातलं थोडं कुणाला द्यावंसं वाटतं का?”

मी म्हणालो, “कर वाचत असेल तर टाका कुठेतरी. तुम्हीच एखादी संस्था सुचवा.”

“कराचं शेवटी बघू,” म्हणत त्या हिच्याकडे वळल्या. “तुम्हाला काय वाटतं?”

“भाजलेल्यांच्या वॉर्डाला द्यावं,” ही म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

मी चकित. “तिथेच का गं?”

“माझी बहीण तिथे गेली.”

“ती तर तापाने गेली ना?”

“आईने तसं सांगायला लावलं होतं. स्वयंपाकघरात भडका उडाला. लोक भलतंसलतं बोलतील म्हणून ताप. मग तेच चालू राहिलं.”

आमच्या घरात सकाळचा गॅस लग्नापासून मी पेटवतो. मित्र चेष्टा करायचे, मीही हसायचो. वाटायचं, बायकोचे लाड करतोय. अध्यक्ष महोदय, एका माणसाबरोबर अख्खा संसार करून माणूस किती अडाणी राहू शकतो?

ताईंनी पेन खाली ठेवलं. सांत्वन नाही, उपदेश नाही. बऱ्याच वेळाने एवढंच विचारलं, “तेव्हा तिथे काय हवं होतं?”

“आईला टेकायला जागा,” ही म्हणाली. “ती जिन्यात बसून असायची.”

आम्हाला वाटलं, आता आकडा विचारतील. त्यांनी विचारला नाही. आधी वॉर्ड बघून या म्हणाल्या, तिथल्या नर्सशी बोला म्हणाल्या. गेलो तर नातेवाइकांना अजूनही जिनाच होता. रक्कम त्यानंतर ठरली. आता तिथे एक खोली आहे. खाटा आहेत, न्हाणीघर आहे, दाराला आतून कडी आहे. कर वाचला का? वाचला. पण त्याची आठवण आम्हाला ताईंनीच करून दिली.

इथल्या तरुण सल्लागारांना सांगावंसं वाटतं, दानाचा विषय काढताना नवऱ्याच्या उत्तरावर थांबू नका. आणि उत्तर आलं की लगेच बोलू नका.

त्या दिवशी परत येताना मी हिला विचारलं, “कशी होती गं ती?” घर आलं, गाडी बंद केली, तरी आम्ही आतच बसून होतो. ही बोलत होती. बहीण शिट्टी छान वाजवायची, हे मला तेव्हा कळलं.

ताई, आम्हा दोघांकडून मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. हिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, तिथे जाऊन बसतो.