पिशवीचं माप

—हात लावू नकोस त्या शंखाला, डिंक ओला आहे अजून! जुन्या उशीचा कापूस भरलाय त्यात. तुझा लेक उद्या शाळेत गोगलगाय होणार, घरातलं एक मोठं माणूस कांगारू, आणि दोघांनी मिळून सांगायचं, या दोन प्राण्यांत फरक काय. — हसतेस काय? एवढा काय फरक असणार? वा गं वा! एकीला हाडं, दुसरीच्या अंगात हाड म्हणून नाही. आणि कांगारूचं पिल्लू जन्मतं ते शेंगदाण्याएवढं, डोळे मिटलेलं — त्याला महिनोन्‌महिने पिशवीत ठेवून पाजते ती. आणि गोगलगाय? माती उकरते, अंडी घालते, वर माती लोटते, चालू लागते. — का, लागलं? मी गोगलगायीबद्दल बोलतेय.

दात येत होते त्याला, तापानं फणफणलेला, तेव्हा टाकलास माझ्या मांडीवर. ‘ताई, नोकरी लागेपर्यंत सांभाळ.’ काय गरीब चेहरा केला होतास! गोगलगाय नि पोटात पाय! सात वर्षं, बाई, सात वर्षं! पहिल्यांदा बोलला तेव्हा मला ‘आई’ म्हणाला तो. आणि मी मूर्ख, रोज समोर बसवून शिकवत होते — मावशी म्हण, मावशी. आई कामाला गेलीय तुझी, येईल. — रडू नकोस. तुझ्या आधी मी रडायचंय इथं. परवा दारात उभी राहिलीस आणि म्हणे, घेऊन जाते. घेऊन जाते! ठेवायला दिलेली बॅग आहे का तो?

पुस्तक वाचता वाचता त्यानं विचारलं मला, ‘मावशी, अंडी सोडून जाते, मग ती आई कशी?’ अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण म्हटलं, आईच रे. पाठीवरचं घर तिच्याकडूनच मिळतं ना पिल्लाला. — असं बघू नकोस माझ्याकडे. त्याच्यासाठी म्हटलं, तुझ्यासाठी नाही.

तो? तो कांगारूचा पोशाख. मीच होणार होते कांगारू, दुसरं कोण होतं घरात? माझ्या मापानं शिवूनही झाला होता. काल शाळेतून आला, दप्तरही काढलं नाही, म्हणाला, ‘मावशी, आता आई आलीय ना? मग पिशवी तिच्या मापाची कर.’ — उसवला. सगळा उसवला.

ऊठ. सरळ उभी राहा. हात वर कर. आणि ‘ताई, तुझे उपकार’ वगैरे काही म्हणालीस ना, तर ही कात्री — गप्प. हलू नकोस. कमरेचं माप घेऊ दे.