दोन बोटं वरचं हँडल

या सभेच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या गॅरेजचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेले जुन्या मोटारींच्या मंडळाचे सन्माननीय सचिव, पुष्पगुच्छ कुठे ठेवावा हे न कळल्यामुळे तो मांडीवर घेऊन बसलेले आजचे सत्कारमूर्ती मिस्त्री, समोर जमलेले वेल्डर, रंगारी, वायरिंगवाले, त्यांची कुटुंबं, आणि तिसऱ्या रांगेत बसून मला आतापासूनच ‘लवकर आटपा’ अशी खूण करणारी माझी पत्नी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात स्तुती करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मी पडलो वार्ताहर. आधी तक्रार नोंदवल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर अध्यक्षमहाराज, या मिस्त्रींनी आमच्या गाडीच्या दोन दारांना जी हँडलं बसवली, ती एका पातळीत नाहीत. ड्रायव्हरच्या बाजूचं जिथे आहे, त्याच्यापेक्षा शेजारच्या बाजूचं दोन बोटं वर आहे. दोन बोटं! ज्या माणसाला सगळं गॅरेज ‘अर्धासूत’ म्हणतं, कारण अर्ध्या सुताचा फरक दिसला तरी हा गृहस्थ बसवलेलं दार पुन्हा उतरवतो, त्याच्या हातून असा प्रमाद घडावा? हसू नका. मंडळाच्या प्रदर्शनात याच कारणासाठी आमचे दोन गुण कापले गेले. गुण कापणारे सचिव इथेच बसले आहेत. हो की नाही हो? मान हलवली, नोंद घ्यावी.

प्रकरण मुळापासून सांगतो. गाडी माझ्या सासऱ्यांची. फुगीर मडगार्डं, दोनच दारं, आणि वळणावर वळायचं की नाही याचा स्वतंत्र विचार करणारी. माझी पत्नी तिच्यातच गाडी शिकली. आमच्या घरी गाडी तीच चालवते. मी संस्कृत शिकलो. रथाची सारी अंगं मला आजही तोंडपाठ आहेत, पण क्लच कुठला आणि ब्रेक कुठला यात अजून गफलत होते.

दोन वर्षांपूर्वी हिच्या उजव्या हाताची पकड गेली. नसांचं काहीतरी, एवढंच डॉक्टर म्हणाले. तळवे टेकून चाक फिरवता येत होतं, पण दार उघडेना. जुन्या हँडलाचं बटण अंगठ्याने कचकन दाबावं लागे. मग मी धावत पुढे जाऊन दार उघडायचो. माझ्याइतका सभ्य नवरा पंचक्रोशीत नसेल, अशी माझी समजूत. एके दिवशी ती म्हणाली, “अहो, तुम्ही दार उघडता ना, तेव्हा मला माझ्याच गाडीत पाहुणी आल्यासारखं वाटतं.” त्या दिवशी तिने गाडीवर कापड घातलं, आणि ते चार महिने काढलं नाही.

तेव्हा कुणीतरी मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी म्हटलं, दाराच्या पत्र्यात बुडवून बसवलेली हँडलं लावा. बाहेर काही डोकवायला नको, एक टोक दाबलं की दुसरं वर आलं पाहिजे. मिस्त्रींनी गाडीकडे एक नजर टाकली आणि बराच वेळ हिच्या हाताकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा जुनी हँडलं निघाली होती, भोकं बुजली होती, दारांवर नुसता राखाडी अस्तराचा रंग होता.

“बाई, खडू आहे?” मिस्त्रींनी विचारलं.

भूगोलाच्या शिक्षिकेला हे विचारायचं! पर्समधून तीन निघाले. मिस्त्रींनी ते कुटून हिच्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पूड फासली. “आता डोळे मिटा, आणि चार पावलांवरून या. दार उघडायचं.”

“दाराला हँडलच नाही, मिस्त्री.”

“म्हणूनच.”

ती दहा वेळा आली. दहा वेळा दारावर पांढरा ठसा उमटला. कधी इकडे, कधी तिकडे, पण मनगटाची खूण दर वेळी एकाच जागी. मी म्हणालो, “हा काय पोरखेळ चाललाय?” मिस्त्री म्हणाले, “साहेब, तुम्ही समोर चहा घेऊन या.” मी गेलो. दुसऱ्या दाराचं मोजमाप माझ्या गैरहजेरीत झालं. एवढं लक्षात ठेवा.

मग पत्रा कापला गेला. मागून वाटीसारखा खळगा जोडला, त्यात पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक भोक पाडलं, चहूबाजूंनी एकसारखी फट ठेवली. काम लांबलं. आमच्या पेशात तोंडी तक्रार करत नाहीत. मी पोस्टकार्डं धाडली. “अजून किती दिवस?” अशी तीन. त्यांचं उत्तर आलं नाही. मी इथे येऊन थडकलो, तर मिस्त्री माझंच पोस्टकार्ड हातात धरून त्याच्या कडेने हँडल दाबत होते. कार्ड वाकलं की स्प्रिंग बाद.

“बाईंच्या मनगटात याच्याहून जास्त जोर धरायचा नाही,” ते म्हणाले. “कार्ड चांगलं जाड आहे तुमचं. अजून एक पाठवाल?”

अकराव्या स्प्रिंगला कार्ड सरळ राहिलं. तीस वर्षं लिहितोय मी. माझ्या मजकुराचा एवढा काटेकोर उपयोग एकाही संपादकाला जमला नाही.

गाडी न्यायला आलो त्या सकाळी आपल्यापैकी बरेच जण हजर होते. हिने मनगट टेकवलं. पाण्यातून मासा वर यावा तसं हँडलाचं टोक आवाज न करता वर आलं. तिने त्यात मनगट अडकवलं, दार उघडलं, बसली, आणि मला तिथेच सोडून निघून गेली. तासभर आली नाही. ग्राइंडर बंद होते. मी दगडी देवळं पाहिली आहेत, धरणं पाहिली आहेत, त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले आहेत. पण माणसाने केलेल्या वस्तूपुढे आपण इतके लहान आहोत, असं मला त्या वीतभर पत्र्यापुढे वाटलं.

आणि मग ते प्रदर्शन. सचिवांची टेप. दोन बोटं. गाडी पॉलिशला इथेच आली होती, मी तडक इथे आलो.

“मिस्त्री, चुकलात.”

“नाही, साहेब.”

“दोन बोटांचा फरक आहे!”

“आहे. मोजून ठेवलाय.”

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. “ड्रायव्हरकडचं दार मनगटाचं आहे. हे शेजारचं कोपराचं. कोपराने ढकललं की आपणहून वीतभर उघडतं. मग खांद्याने सारायचं. हात लावावाच लागत नाही.”

“कुणाला?”

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, “बाई म्हणत होत्या, डावा हातही आता ऐकत नाही. पुढेमागे या बाजूला बसावं लागेल. साहेबांना इतक्यात सांगू नका म्हणाल्या. मी सांगणार नव्हतो. पण तुम्ही टेपच घेऊन आलात.”

मी गाडीपाशी गेलो आणि कोपराने ढकललं. दार वीतभर उघडलं. इतकं हलकं, की ढकलल्याचं कळलंही नाही. ज्या दिवसाची मला कल्पना नव्हती, त्या दिवसाची तयारी या माणसाने लोखंडात करून, वर रंग देऊन ठेवली होती.

मला हे ठाऊक आहे, हे मी घरी आजवर बोललेलो नाही. आज बोललो. तिसऱ्या रांगेतली ‘आटपा’ची खूण थांबलेली दिसते आहे.

सचिवमहाशय, ते दोन गुण तुमच्यापाशीच असू द्या, माझी तक्रार मी मागे घेतो. मालकांनी मला बोलायची संधी दिली, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, मी आभारी आहे. बोलताना कुणाला कमीजास्त लागलं असेल, घरातली गोष्ट चारचौघांत आणली हेही चुकलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मिस्त्री, तुमच्याविषयी काय म्हणावं हे मला संस्कृतातही सापडलं नाही.

मी गाडी शिकतो आहे. क्लच हळूहळू ओळखीचा होतो आहे, त्याची मला चिंता नाही. चिंता वेगळी आहे. हिला काय होतंय हे ती मला सांगत नाही. मागच्या वेळी मला दारावरून कळलं, तेही टेप लावल्यावर. आता मिस्त्री घरी बसणार. पुढचं मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.