पांढरोबाचा खड्डा

नाही नाही, त्या खड्ड्यात नको — त्याच्या शेजारी लावा, हातभर सोडून. तो खड्डा बुजवायचा नाहीये. चार महिने झाले, मुद्दाम तसाच ठेवलाय. आधी बसा जरा, बादली ठेवा खाली, दम घ्या. पायरीवरच बसा. मी उभीच बरी, गुडघा एकदा वाकवला की उठताना देव आठवतो. तर काय म्हणत होते — हां, हे रोप. पांढऱ्या फुलांचंच आणलंय ना? थंडीत पानं झाडणारं? हो, मग तेच. असंच होतं इथं, माझ्यापेक्षा उंच. बाबांनी लावलेलं. बाबा त्याला पांढरोबा म्हणायचे. फुलला की पार स्वयंपाकघरापर्यंत वास, आणि थंडीत बघाल तर नुसत्या काटक्या, अंगावर पान म्हणून नाही. नवखा माणूस म्हणणार, मेलं. मेलेलं नसतं हो, झोपलेलं असतं! नखानं साल जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की झालं. आणि कात्री लावायची ती फुलं गळल्या गळल्या, थंडीत नाही — थंडीत छाटलंत की पुढच्या बहराची फुलंच छाटलीत. तुम्ही रोपवाटिकेतले, तुम्हाला काय सांगायचं! पण आम्हा दोघी बहिणींना हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. दोघींना — बरं का.

म्हणजे धाकटीलाही. तिचंच सांगतेय. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे दवाखान्यात. घराची किल्ली कुणाला देणार? सख्ख्या बहिणीला. झाडांना पाणी घाल म्हटलं, एवढंच. आणि करायची हो सगळं, नाही म्हणत नाही मी — गावाच्या त्या टोकाहून रोज डबा घेऊन यायची, उशाशी बसून माझी वेणी घालायची. एक दिवस वेणी घालता घालताच म्हणाली, ताई, तुझं ते झुडूप वाळलं गं, काढून टाकावं लागलं. मला रडूच फुटलं. एवढी साठीची बाई मी, झुडपासाठी ढसाढसा रडले, आणि माझे डोळे कुणी पुसले? तिनंच! स्वतःच्या रुमालानं!

मग घरी आले, काठी टेकत टेकत मागं आले, आणि हा खड्डा बघितला. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. फाडलेलं कुठलं आणि उसवलेलं कुठलं, ते मला हात न लावता कळतं. हे उसवलेलं होतं. वाळलेलं झाड माणूस कसं काढतो? ओढतो, कुऱ्हाड घालतो, फेकून देतो. असा दोन हात लांबून गोल आखून कुणी खणतं? आत एकही मूळ तोडलेलं नव्हतं, शेजारच्या रोपांचं पान मोडलेलं नव्हतं, माती सगळी एका बाजूला नीट रचलेली. आणि दिवस कुठले? ऐन थंडीचे. झाड झोपलेलं असताना मुळाच्या मातीसकट उचललं तर त्याला पत्ताही लागत नाही. हे तिला बाबांनीच शिकवलेलं! केसानं गळा कापला हो माझा. परक्यानं केलं असतं तर पोलिसात गेले असते. हिच्यासाठी कुठं जाऊ? अजून तिला बोलले नाहीये. येते, बसते, मी हो म्हणते, बरं म्हणते. पण एकटीनं तर तिनं काढलं नसणार, तिला साधी कुंडी उचलत नाही. कुणीतरी जाणता माणूस हाताशी —

थांबा. मगाशी बादली कुठून भरलीत तुम्ही? नळ जिन्याखाली आहे, पिंपाच्या मागं. नव्या माणसाला बोट धरून दाखवला तर सापडतो. मी तुम्हाला दाखवला नव्हता. खाली नका बघू. इकडं बघा.

तुम्हीच. हं. नाही, ओरडत नाही मी. काम चांगलं केलंत, तेवढं खरं. तिनं काय सांगितलं तुम्हाला — घर माझं आहे म्हणून? नाही? मग काय? बाबांनी मला दिलंय, असं म्हणाली? साफ खोटं! तिला कोण सांगणार? बाबांच्या शेवटच्या दिवसांत खोलीत मी एकटी होते! मी चादर सारखी करत होते, बाबा खिडकीतून बघत म्हणाले, घर तुझं, पांढरोबा धाकटीचा, थंडी पडली की देऊन टाक — आणि मी म्हटलं, हो बाबा, आणि —

काही नाही. ऐकलंत तर ऐकलंत. बारा वर्षं मी केलं हो बाबांचं. अंघोळ, औषधं, अंथरूण, सगळं. ती रविवारी यायची, तासभर बसायची, हसवून जायची. आणि झाड तिला? विसरले नव्हते मी. दर थंडीला आठवायचं. मनाशी म्हणायची मी, पुढच्या वर्षी देऊ. अशा सहा थंड्या काढल्या. तिला माहीतच नाही तर तिचं काय अडलंय —

काय म्हणालात? फोनवर? बाबांनी तिला फोनवर सांगितलं होतं? ताई देईल, तू मागू नकोस — असं? म्हणजे सहा वर्षं ठाऊक होतं तिला. दर रविवारी इथं, याच पायरीवर चहा घेतला तिनं, झाडाकडं बघत. म्हणायची, ताई, यंदा थंडी फार आहे ना गं? आणि मी म्हणायची, आत चल, वारं लागेल. दर वर्षी विचारायची हो. मला वाटायचं, हवापाण्याचं बोलतेय.

तरी सांगते, फसवलं तिनं मला. डोळे पुसत फसवलं. मागायचं होतं तोंडानं! मागितलं असतं तर —

जगलं का तिथं? पालवी फुटली? बरं.

नसतं दिलं मी. मागितलं असतं तरी नसतं दिलं. हे रोप उचला, परत न्या. नको म्हणते ना. जा तुम्ही.