खांबाचं सूत

हसू नका, पण यंदा वटपौर्णिमेचं सूत मी दोन ठिकाणी गुंडाळलं. आमच्या कारंज्याच्या कॉलेजात पोरींनी बास्केटबॉलचे इतके कप आणले, की कपाट पुरेना. आधी आम्ही खेळलो, आता लेकी खेळून राह्यल्या. नवे प्राचार्य म्हणाले, मैदानावर पार्किंग करू, बास्केटचा खांब कापा.

वडाची पूजा आटोपून आम्ही जुन्या खेळाडू थेट मैदानावर गेलो आणि खांबाला फेरे घातले.

प्राचार्य म्हणाले, "ताई, हा काय वड आहे?"

"नाई सर. पन आमाले उंबरठ्याबाहेर यानंच आनलं."

खांब कापायला आलेल्या वेल्डरनं चपला काढून हात जोडले. "सर, सूत हाये तवर मी मशीन लावत नाई."

"मग ताई, सूत कधी सोडता?"

"वडाचं सूत कोनी सोडत नसते, सर. दरसाली त्याच्यावर नवं चढते."