वाकडं बोट

तो भोपळा मी मारलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मग हसायचं तेवढं हसा.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची गोष्ट. चिंचवडात मी कोंडाबाईंच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. त्यांच्या परसातल्या वेलावर लाल भोपळ्याचं एकच फळ धरलं होतं. ते बियाण्यासाठी राखलेलं. बी त्यांच्या माहेरचं, दुसरीकडे कुठं उरलेलं नाही. देठ वाळून सालीत नख रुतेनासं झालं की उतरवायचं.

एका सकाळी मी बोट दाखवून विचारलं, "हाच का तो?"

"आवं, सरळ बोट नगा दावू! भोपळा कुजतो. बोट वाकडं करा!"

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात शिकलेला माणूस, त्यातून वार्ताहर! "भोपळ्याला काय डोळे असतात?" म्हणत मी मुद्दाम आणखी तीनदा सरळ बोट दाखवलं.

आठव्या दिवशी भोपळा खालून पिचपिचीत. कोंडाबाई तो कापून, आतलं कोवळं बी दाखवत माझ्या दारात उभ्या.

"माशीनं डंख मारला असेल!" मी ओरडलो. "माझ्या बोटानं कुजला याला पुरावा काय?"

"त्येच म्हंते मी," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं तुमी त्या रस्त्याचं पैसं खाणाऱ्या ठेकेदाराकडं पेपरात बोट दावताय. त्यो तर दिवसेंदिवस गरगरीत होतोय. अन् माझा भोपळाच तेवढा कसा वो कुजला?"