गादीवरचं मौन

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, गादीवर जागा आहे. नलिनीताईंबद्दल मी बोलावं असं ठरलंय. जमेल का, माहीत नाही. घसा सकाळपासून बसलाय. रडून नाही, आमच्या ह्यांच्याशी भांडून. का भांडले, तेही सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ताई म्हणजे केबिन रोडच्या फिजिओथेरपीवाल्या. आमची ओळख झाली ती ह्याच हॉलमध्ये, माझ्या दिरांच्या शोकसभेत. अशाच गाद्या, अशीच पांढरी चादर. मौनाला सगळे उभे राहिले, डोळे मिटले, आणि आमचे हे धाडकन पडले. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने चक्कर आली. कोणीतरी साखरपाणी पाजलं. शुगरच्या माणसाला! ताई गर्दीतून आल्या, ह्यांचा मोजा काढला आणि तळव्याला पेनाचं टोक लावलं. ह्यांना कळलंच नाही. ताई म्हणाल्या, "ही चक्कर नाही. पायांना जमीन कळत नाहीये."

मग त्यांच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिथे जमिनीवर वजनकाट्यासारखी एक पाटी होती. तिच्यावर उभं राहिलं की समोरच्या स्क्रीनवर पावलांचे ठसे उमटायचे, जिथे भार जास्त तिथे लाल. मध्ये एक ठिपका. माणूस डोलला की ठिपका डोलायचा. नुसत्या पाटीवर ठिपका शहाण्यासारखा एका जागी. हे माझ्याकडे बघून हसले. मग ताईंनी पाटीवर जाड फोम ठेवला. ठिपका भटकायला लागला. डोळे मिटायला सांगितले, तर ठिपका स्क्रीनच्या कडेलाच गेला, आणि ताईंनी ह्यांना मागून झेललं. म्हणाल्या, फरशीवर निभतं, मऊ जागेवर तुम्हाला फक्त डोळे सांभाळतात. ते मिटले की आधार संपला.

दुसऱ्या खेपेला ताईंना म्हणाले, "रात्री लाइट गेली तर पलंगावरून उठायला मला हिचा हात लागणार का? मला तसं जगायचं नाही."

ऐकताय ना? हे माझ्यासमोर बोलले. किती लागलं मला!

तेव्हापासून दर मंगळवारी फोम. ह्यांच्या मागे ताई, दोन्ही हात उघडे, पण अंगाला बोट लावायच्या नाहीत. हे डोलले की माझा जीव वरखाली व्हायचा, मी पुढे धावायचे. ताई मलाच ओरडायच्या. शोभाताई, तुम्ही धरता म्हणून हे शिकत नाहीत. मी चिडायचे. म्हटलं, मग काय नवरा पडताना बघत बसू? तर म्हणाल्या, "हो, बघा. मी आहे ना मागे."

त्या होत्या मागे. म्हणून मी बघू शकले.

हळूहळू ठिपक्याचं भटकणं कमी झालं. एकदा तर ताई ‘पुरे’ म्हणेपर्यंत हे फोमवर डोळे मिटून उभे राहिले. ताई खूश. म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी मी मागे नसेन, एकट्याने उभं राहायचं. मंगळवार आला. ताई रविवारीच गेल्या. काही दुखतंय म्हणून कुणाला बोलल्यासुद्धा नव्हत्या. असं कोणी जातं का हो?

आज सकाळी हे म्हणाले, मौनाला मी गादीवरच उभा राहणार. मी म्हटलं, डोकं फिरलंय का? खुर्चीत बसा. किती बोलले मी! हे शांतपणे म्हणाले, "परीक्षा ताईंनी ठेवली होती. मी आज देणार."

आता उभं राहायचंय, मंडळी. ज्यांचं वय झालंय, ज्यांना शुगर आहे, त्यांनी गादीवरून उतरून फरशीवर या. सावकाश. घाई नाही. जिग्नेशभाई, आपकी बा को कुर्सी दीजिए, वो बैठी रहेंगी तो भी चलेगा.

अहो, तुम्ही? नाही ना उतरत? बरं.

माईक ठेवते आता. मी येतेय तुमच्या मागे. ताई म्हणाल्या होत्या, मागे कोणी नसेल. तेवढं काही मला जमायचं नाही. पण हात लावणार नाही, ताईंची शपथ.

मंडळी, सगळ्यांनी डोळे मिटा. मी मात्र उघडे ठेवणार आहे.