कुसळमाळावरील दोन किल्ल्या

नाव शैला उत्तरेश्वर गुरव, वय ६३ वर्षे, धंदा देवपूजा व फुलविक्री, राहणार कुसळमाळ वस्ती, हडपसरच्या पुढे, पुणे.

मी आज रोजी आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, लग्न झाल्यापासून एकेचाळीस वर्षे मी वरील ठिकाणी राहते. वस्तीत अकरा घरे आहेत. माळावर भैरोबाचे मंदिर व तिथून साठ पावलांवर पीरसाहेबांचा दर्गा आहे. दोन्ही किती जुनी ते मला माहीत नाही. माळाचे गवत जाऊन समोर इमारती आल्या, ते मात्र माझ्यादेखत.

मंदिराची पूजा आमच्या घराकडे व दर्ग्याची सेवा शमशुद्दीन मुजावर, वय ७१, यांच्याकडे आहे. मंदिराची किल्ली मात्र त्यांच्या घरी असते व दर्ग्याची आमच्या. माझे आजेसासरे गेनबा व शमशुद्दीनभाऊंचे आजोबा यांचे जत्रेच्या जागेवरून वर्षभर बोलणे बंद होते. तेव्हा वस्तीने दोघांच्या किल्ल्या बदलून दिल्या. भांडण झाले तरी सकाळी एकमेकांचे दार उघडायला जावेच लागते. भांडणे आम्हीही केली आहेत. दार उघडायचे कोणी चुकवले नाही.

आज सकाळी सहा वाजता शमशुद्दीनभाऊ मंदिराचे कुलूप काढत असताना समोरच्या सोसायटीतील प्रज्ञेश यांनी गॅलरीतून पाहिले व मंदिर फोडत असल्याचा फोन पोलिसांना केला. ते चार महिन्यांपूर्वी राहायला आले आहेत. बाराव्या मजल्यावरून माणसाची टोपी तेवढी दिसते. खाली येऊन विचारले असते तर चहाही मिळाला असता. पोलीस शमशुद्दीनभाऊंना घेऊन गेले. मला पावणेसातला कळले व मी रिक्षाने आले.

त्यांनी चोरी केलेली नाही. कुलूप किल्लीने उघडले आहे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

हे ठाण्यातील साहेबांना पटले व त्यांनी शमशुद्दीनभाऊंना जायला सांगितले. परंतु ते उठले नाहीत. मंदिराची किल्ली टेबलावर ठेवून मला म्हणाले, "वहिनी, आता तुमच्याकडंच ठेवा. अफशीनच्या नोकरीची पोलीस चौकशी व्हायची हाय. माझं नाव इथल्या वहीत नको." अफशीन ही त्यांची नात. मला फार वाईट वाटले, तसे लिहून घ्यावे. रागही आला, तोही लिहावा.

मी ती किल्ली उचलली नाही. कमरेला खोचलेली दर्ग्याची किल्ली काढून तिच्याशेजारी ठेवली व साहेबांना म्हटले, "दोन्ही तुम्हीच ठेवा. उद्या सकाळी सहाला या. कुठलंही आधी उघडा. झाडू दाराआड आहे."

साहेबांनी दोन्ही किल्ल्या जवळ ओढल्या. मग कोणती कुठली, असे विचारले. मी दाखवले. साहेबांनी मंदिराची किल्ली शमशुद्दीनभाऊंच्या हातात दिली व आरोपी म्हणून त्यांचे नाव वहीत कुठेही नाही, असे वही उघडून दाखवले. शमशुद्दीनभाऊंनी चष्मा लावून पान वाचले. मग किल्ली खिशात घातली. मीही दर्ग्याची किल्ली उचलून परत कमरेला खोचली.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही करून लगेच निघते, दर्गा अजून उघडायचा राहिला आहे.